अच्छाड परिसरातील झुडूपराने, फुलपक्षी आणि वलयांकन : परागीभवनाच्या अभ्यासाची एक दिशा

प्रस्तावना

मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गावर महाराष्ट्राची हद्द जेथे संपते, तेथे तलासरी तालुक्यातील अच्छाड हे गाव लागते. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. महामार्गावरून जाणाऱ्या प्रवाशाला येथील तपासणी नाका, मालमोटारींच्या रांगा आणि धाबे एवढेच दिसते. रस्ता सोडून वारली पाड्यांच्या दिशेने थोडे आत गेल्यास मात्र भातखाचरांच्या कडेने, टेकड्यांच्या उतारांवर व बांधांवर पळस, धायटी, मुरुडशेंग, करवंद, कुडा अशा झुडपांचे व खुरट्या वृक्षांचे रान आढळते. मूळचे पानझडी वन विरळ होत जाऊन हे रान उरले आहे. वनाच्या नोंदीत अशा जमिनीला सहसा 'अवनत वन' म्हटले जाते. हे विशेषण वनाच्या उत्पन्नाच्या दृष्टीने योग्य असेलही. मकरंदावर जगणाऱ्या पक्ष्यांच्या दृष्टीने ते योग्य आहे किंवा नाही, हा निराळा प्रश्न होय.

या रानातील अनेक लाल-केशरी फुलांवर शिंजीर (सूर्यपक्षी), फुलटोचे, बुलबुल, चष्मेवाले इत्यादी पक्षी येतात, ही गोष्ट कोणाही गुराख्याला ठाऊक असते. पक्षी फुलावर येतो म्हणून तो परागीभवन करतो, असे मात्र लगेच म्हणता येत नाही. कोणता पक्षी कोणत्या झुडपाचा पराग कोठून कोठे नेतो, याचे उत्तर मिळविण्यासाठी पक्षी व्यक्तिशः ओळखता आला पाहिजे. त्यासाठी पक्ष्याच्या पायात क्रमांकाचे कडे घालण्याची, म्हणजेच वलयांकनाची पद्धत कशी उपयोगी पडते व तिच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन अच्छाड परिसरातील झुडूपरानाच्या संदर्भात प्रस्तुत लेखात केले आहे.

कोकणातील पूर्वाभ्यास

या विषयाला कोकणाचाच वारसा आहे. डॉ. सालिम अली यांनी 1931 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. कोकणात बांडगुळाच्या प्रसारात शिंजीर आणि फुलटोचे यांचा वाटा किती, हा त्याचा विषय होता. अलिबागजवळच्या किहीम येथील त्यांचे वास्तव्य व सुगरण पक्ष्याचे निरीक्षण सर्वपरिचित आहे. त्याच सुमारास लिहिलेला हा लहानसा निबंध त्या मानाने दुर्लक्षित राहिला. आंब्यासारख्या झाडांवर वाढणाऱ्या बांडगुळाच्या जीवनक्रमात दोन निरनिराळ्या पक्षिगटांची कामे त्यात वेगवेगळी केलेली दिसतात. लांब नळीच्या फुलांचे परागीभवन प्रामुख्याने शिंजीर करतात, तर पिकलेली फळे टिकेलचा फुलटोचा गिळतो आणि चिकट आवरणातील बी विष्ठेवाटे फांदीवर चिकटवितो. पुढच्याच वर्षी, 1932 मध्ये, त्यांनी भारतातील फुलपक्षी आणि पक्षिफुले यांचा विस्तृत आढावा घेतला. भारतातील पक्षिपरागणाच्या अभ्यासाचा पाया या दोन लेखनांनी घातला, असे म्हणण्यास हरकत नाही.

बांडगुळाचे उदाहरण डहाणू-तलासरी भागात केवळ पुस्तकी नाही. वाडीतील आंब्यावर बांडगूळ वाढले की शेतकरी ते छाटतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच बांडगुळाची फुले शिंजिरांना मकरंद पुरवितात, हे त्या छाटणीच्या हिशेबात कधी येत नाही. जाता जाता एवढे नमूद करावे, की या भागाचे मुख्य फळपीक असलेल्या चिकूला परागीभवनासाठी पक्ष्यांची गरज नसते. त्याच्या लहान, फिकट फुलांत फुलकिड्यांसारखे सूक्ष्म कीटक हे काम करतात. म्हणून 'पक्षी गेले तर चिकू जाईल' असा युक्तिवाद कोणी करू नये. तो टिकणार नाही. पक्ष्यांवाचून खरोखर अडते ते रानातल्या झुडपांचे.

वलयांकनाची परंपरा

पक्ष्याच्या पायात क्रमांकित धातूचे कडे घालून त्याचा मागोवा घेण्याची शास्त्रीय पद्धत डेन्मार्कमधील व्हिबोर्ग येथील एक शिक्षक, हान्स मॉर्टेन्सन, यांनी 1899 मध्ये सुरू केली. त्यांनी मैनेच्या कुळातील पक्ष्यांच्या पायांत ॲल्युमिनियमची कडी घातली होती. एका शिक्षकाने गावात राहून आरंभिलेले हे काम पुढे जगभर पसरले, ही गोष्ट महाविद्यालयीन अध्यापकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सहकार्याने धार संस्थानात 1927 च्या सुमारास पहिली कडी घातली गेली. व्यापक प्रमाणावरील काम 1959 नंतर सुरू झाले. कर्नाटकात 1957 मध्ये उद्भवलेल्या कियासनूर वनज्वराच्या गोचिडी स्थलांतरित पक्ष्यांबरोबर आल्या असाव्यात काय, हा तेव्हाचा प्रश्न होता आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी साहाय्य दिले. डॉ. सालिम अली हेच या प्रकल्पाचे प्रवर्तक होते.

येथे एक विसंगती दिसते. फुलपक्ष्यांवर लिहिणारे आणि वलयांकनाचा मोठा प्रकल्प उभारणारे विद्वान एकच. पण त्यांच्या कार्यातील हे दोन धागे एकत्र विणले गेले नाहीत. देशातील वलयांकनाचा भर पाणपक्षी, किनारी चिखलपक्षी व स्थलांतरित पक्षी यांवर राहिला. निधी रोगप्रसाराच्या व स्थलांतराच्या प्रश्नांसाठी मिळत होता, त्यामुळे हे स्वाभाविकही होते. परंतु वर्षभर त्याच रानात राहणारा, सात-आठ ग्रॅम वजनाचा शिंजीर या प्रश्नांच्या कक्षेत फारसा आला नाही.

झुडूपरानातील मकरंदाचे वेळापत्रक

वलयांकनाची उपयुक्तता समजण्यासाठी आधी फुलांचा क्रम पाहणे आवश्यक आहे. पावसाळ्यात व त्यानंतर मुरुडशेंग फुलते. तिचे ताजे फूल विटकरी-तांबडे असते व जुने झाल्यावर निळसर राखी होते. पुंकेसर व कुक्षी एका लांब, वाकलेल्या दांड्याच्या टोकाशी फुलाबाहेर डोकावत असल्याने मकरंदासाठी चोच घालणाऱ्या पक्ष्याच्या डोक्याला त्यांचा स्पर्श होतो. हिवाळ्याच्या उत्तरार्धात, जानेवारीपासून, धायटीचा बहर येतो. तिच्या फुलात रंग पाकळ्यांना नसून नळीसारख्या निदलपुंजाला असतो. पाकळ्या अगदी क्षुद्र असतात आणि बारा पुंकेसर नळीबाहेर आलेले असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा व काटेसावर फुलतात. पळस सीमेपलीकडे 'केसुडो' म्हणून ओळखला जातो. बांडगुळाची फुले या क्रमातील मधल्या जागा भरून काढतात.

म्हणजे वर्षाच्या बऱ्याच मोठ्या भागात या रानात कोठे ना कोठे मकरंद असतो, पण तो एकाच झुडपावर नसतो. पक्ष्याला एका जातीवरून दुसऱ्या जातीकडे, एका उतारावरून दुसऱ्या उताराकडे सरकावे लागते. या साखळीतील एखादी जात नाहीशी झाली, तर तेवढे आठवडे पक्ष्याने काय खावे? कीटक व कोळी हा शिंजिराच्या आहाराचा दुसरा भाग आहेच, तरी मकरंदाची तूट त्याने पूर्ण भरून निघते असे मानता येत नाही. धायटीची फुले आसव-अरिष्टांच्या निर्मितीसाठी गोळा केली जातात व त्यांतून आदिवासी कुटुंबांना थोडेफार उत्पन्न मिळते. ही तोडणी व पक्ष्यांचा मकरंद यांचा स्रोत एकच आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. तोडणी बंद करावी असा याचा अर्थ नव्हे. किती फुले झुडपावर ठेवावीत, हे सांगण्याइतकी माहिती हाती असावी, एवढाच आहे.

पाहण्याने काय कळते, काय कळत नाही

पळसाच्या फुलांवर अनेक जातींचे पक्षी येतात. भोरडीला तर मराठीत 'पळसमैना' असेच नाव आहे. परंतु दिल्ली विद्यापीठातील तंडन, शिवण्णा आणि मोहन राम यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पळसाच्या प्रजननविषयक अभ्यासात असे आढळले, की फुलांना आठ जातींचे पक्षी भेट देत असले तरी परिणामकारक परागीभवन करणारा पक्षी एकच होता, तो म्हणजे जांभळा शिंजीर. त्याच्या जोडीला खारीचाही उपयोग होत होता. बाकीचे पक्षी मकरंद घेत, काही फूल फाडत, पण कुक्षीवर योग्य पराग पोहोचवीत नसत. पळसाचे झाड स्वतःचा पराग काही प्रमाणात नाकारते, हेही याच अभ्यासात दिसून आले. त्यामुळे पक्षी एकाच झाडावर दिवसभर बसून राहिला तर झाडाचे काम अपुरे राहते. तो दुसऱ्या झाडावर जाणे महत्त्वाचे ठरते.

नेमकी हीच गोष्ट दुर्बिणीने दिसत नाही. एका धायटीवर सकाळभर दहा वेळा शिंजीर आल्याची नोंद झाली, तर ते दहा शिंजीर होते की एकच शिंजीर दहा वेळा आला? दोन्ही शक्यतांत परागाच्या प्रवासाचे चित्र पूर्णपणे भिन्न असते. जांभळ्या शिंजिराच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. विणीच्या हंगामात नर चकाकत्या निळ्या-जांभळ्या रंगाचा असतो. हंगाम संपल्यावर त्याचा पिसारा मादीसारखा फिका होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत केवळ एक गडद पट्टा उरतो. गडद नर दिसेनासे झाले की ते स्थलांतर करून गेले, असा समज सहज होतो. पायातील कडे मात्र पिसाऱ्याबरोबर बदलत नाही.

प्रत्यक्ष कार्यपद्धती

वलयांकनासाठी बारीक नायलॉन धाग्याची, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारी धुकेजाळी झुडपांच्या दरम्यान उभी केली जाते. काम पहाटे सुरू करून ऊन चढण्यापूर्वी थांबविणे इष्ट असते. शिंजिरासारख्या लहान पक्ष्याचा चयापचय अतिशय जलद असल्याने तो जाळ्यात फार वेळ राहता कामा नये. जाळी थोड्या थोड्या अंतराने तपासली जातात आणि पाऊस, जोराचा वारा किंवा कडक ऊन असल्यास ती मिटविली जातात. पक्षी सोडवून कापडी पिशवीत ठेवला जातो. नंतर त्याची जात, लिंग व वय ठरवून पंखांची व चोचीची लांबी आणि वजन नोंदविले जाते व योग्य मापाचे हलके कडे पायात घातले जाते. पक्ष्यावर चढविलेल्या कोणत्याही खुणेचे किंवा उपकरणाचे वजन त्याच्या वजनाच्या 3 ते 5 टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. आठ ग्रॅमच्या पक्ष्याच्या बाबतीत ही मर्यादा पाव ग्रॅमच्या आसपास येते. ॲल्युमिनियमचे कडे त्याहून पुष्कळच हलके असते. पण उपग्रहाला संदेश पाठविणारी यंत्रे मोठ्या पक्ष्यांवर बसविता येतात तशी शिंजिरावर का बसविता येत नाहीत, हे यावरून स्पष्ट व्हावे. ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांवर 2022 मध्ये अशी यंत्रे बसविण्यात आली. शिंजिराच्या नशिबी अद्याप साधे कडेच आहे.

परागीभवनाच्या अभ्यासात या नेहमीच्या नोंदींत एका कृतीची भर पडते. पक्षी हातात असतानाच त्याच्या कपाळावर, चोचीच्या मुळाशी व हनुवटीखाली रंगद्रव्ययुक्त जिलेटिनचा लहानसा तुकडा हलकेच टेकविला जातो. त्याला चिकटलेले परागकण काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली मोजले जातात. यासाठी परिसरातील प्रत्येक फुलणाऱ्या जातीच्या परागाच्या संदर्भ-काचपट्ट्या आधीच तयार असाव्या लागतात. हे काम वनस्पतिशास्त्राच्या कोणत्याही महाविद्यालयीन प्रयोगशाळेत होऊ शकते. पराग शरीराच्या कोणत्या भागावर आहे, यालाही महत्त्व असते. दोन झुडपे एकाच वेळी फुलत असली, पण एकाचा पराग कपाळावर व दुसऱ्याचा हनुवटीवर लागत असेल, तर एकाच पक्ष्याकडून दोघांचेही काम परस्परांना अडथळा न होता होऊ शकते.

कड्याचा खरा उपयोग पक्षी दुसऱ्यांदा सापडतो तेव्हा होतो. समजा, पहिल्या फेरीत 20 शिंजिरांना कडी घातली आणि काही दिवसांनी दुसऱ्या फेरीत 15 पकडले, त्यांपैकी 5 जणांच्या पायात कडे होते. तर एकूण संख्येचा ढोबळ अंदाज 20 गुणिले 15 भागिले 5, म्हणजे 60 असा येतो. हा हिशेब काही गृहीतकांवर उभा आहे. मधल्या काळात पक्षी आले-गेले नसावेत, कडे असलेला व नसलेला पक्षी सारख्याच सहजतेने जाळ्यात यावा, इत्यादी. एकदा जाळ्यात सापडलेला पक्षी ती जागा टाळू लागतो, हा अनुभव असल्याने दुसरे गृहीतक नेहमीच थोडे लंगडे असते. यावर उपाय म्हणून धातूच्या कड्याबरोबर रंगीत कड्यांची विशिष्ट जुळणी वापरतात. मग पक्ष्याला पुन्हा न पकडता दुर्बिणीतूनच 'डावा पाय, लाल-पिवळा' अशी त्याची ओळख पटते. त्याच्या वावराचे क्षेत्र, झुडपांमधील ये-जा आणि एका झुडपावर दुसऱ्याला येऊ न देण्याची भांडखोर वृत्ती यांची नोंद अशा रीतीने होऊ शकते.

कड्याच्या मर्यादा

तथापि डोक्यावर पराग असलेला, कडे घातलेला पक्षी हाही परागीभवनाचा अंतिम पुरावा नव्हे. पराग वाहिला जातो, एवढेच त्यावरून सिद्ध होते. तो कुक्षीवर पोहोचला व बी धरले, हे झुडपावरच तपासावे लागते. त्यासाठी काही कळ्या मलमलच्या पिशवीत बांधून ठेवतात, काही फुलांना हाताने दुसऱ्या झाडाचा पराग लावतात आणि काही फुले मोकळी सोडतात. नंतर तिन्ही गटांतील फळधारणेची तुलना केली जाते. जाळीदार पिंजऱ्याने पक्षी अडवून मधमाश्यांना मोकळीक दिल्यास पक्षी व कीटक यांचा वाटा वेगळा काढता येतो. लांब नळीच्या फुलाला बुडाशी छिद्र पाडून मकरंद चोरणारा शिंजीर परागाला स्पर्शही करीत नाही, हेही अशा वेळी उघडकीस येते. वलयांकन व हे प्रयोग एकमेकांना पूरक आहेत. यांपैकी एकावरच विसंबून काढलेला निष्कर्ष अपुरा राहील.

पक्षी नाहीसे झाल्यावर झुडपांचे काय होते

हा प्रश्न तातडीचा का मानावा, याचे उत्तर न्यूझीलंडमधील एका झुडपाने दिले आहे. तेथील उत्तर बेटावरून मकरंद घेणाऱ्या दोन पक्षिजाती सुमारे 1870 पर्यंत जवळपास नाहीशा झाल्या, परंतु लगतच्या लहान बेटांवर त्या टिकून राहिल्या. ऱ्हॅब्डोथॅम्नस नावाचे केशरी फुलांचे झुडूप दोन्हीकडे वाढते. अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दोन्ही ठिकाणांची तुलना केली. पक्षी नसलेल्या भागात दर फुलामागे बीजनिर्मिती 84 टक्क्यांनी कमी आढळली व कोवळी रोपेही निम्म्याहून कमी होती. मोठी झुडपे मात्र दोन्हीकडे सारखीच उभी होती. म्हणजे पक्षी गेल्यावर शतकभर हिरवे दिसणारे रान आतून नवीन पिढीवाचून राहिले होते, आणि केवळ पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागला नसता.

अच्छाड परिसरात शिंजीर नाहीसे झालेले नाहीत. परंतु त्यांचे रान तुकड्या-तुकड्यांत विभागले जात आहे. महामार्ग जुनाच आहे; त्याच्या जोडीला मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आणि मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वे यांचे मार्ग तलासरी तालुक्यातून आखले गेले. लगतचा डहाणू तालुका जून 1991 च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर झाला. अशा अधिसूचनांचे लक्ष उद्योग व जमिनीचा वापर यांवर असते, पळसाचा पराग रस्ता ओलांडतो की नाही यावर नसते. पक्षी उडत असल्यामुळे रस्ता त्याला अडवीत नाही, असे वाटणे साहजिक आहे. ते खरेही असू शकेल. पण आपल्या झुडपांचे क्षेत्र राखून बसणारा शिंजीर चार-सहा मार्गिकांची उघडी पट्टी ओलांडून पलीकडच्या पळसावर जातो का, आणि जात असल्यास किती वेळा, हे गृहीत धरण्याची गोष्ट नसून मोजण्याची आहे. स्वतःचा पराग नाकारणाऱ्या झाडाच्या दृष्टीने, रस्त्याच्या एका बाजूला उरलेली आठ-दहा झाडे हे फार लहान जग होय.

अच्छाड येथे अभ्यासाचा आराखडा

म्हणून येथील वलयांकनाचा पहिला प्रश्न साधा ठेवता येईल. महामार्गाच्या दोन्ही बाजूंस, पळस व धायटी असलेल्या दोन-दोन जागा निवडाव्यात. प्रत्येक बाजूस रंगीत कड्याची वेगळी खूण द्यावी आणि पूर्वेकडची खूण पश्चिमेला किती वेळा दिसते, हे पाहावे. परागाच्या बाबतीतही असेच करता येते. एका बाजूच्या फुलांवर चमकणाऱ्या रंगाची निरुपद्रवी भुकटी लावली, तर ती दुसऱ्या बाजूच्या कुक्षीवर पोहोचली की नाही हे रात्री अतिनील प्रकाशात तपासता येते. काम मुरुडशेंगेच्या बहरापासून सुरू केल्यास एकाच पक्ष्याची नोंद पावसाळी, हिवाळी व वसंतातील अशा तिन्ही बहरांत मिळण्याची शक्यता वाढते. केवळ पळसाच्या महिन्यात जाळी लावल्यास वर्षाचा उरलेला भाग अंधारात राहील.

पक्षी पकडणे ही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 अन्वये परवानगीची बाब आहे. शास्त्रीय संशोधनासाठीही मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी अनुमती लागते आणि जाळी हाताळण्याचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती उपस्थित असणे अपरिहार्य आहे. हौशी हातांत धुकेजाळे पडणे हे शिंजिरासाठी गुलेलीइतकेच घातक ठरू शकते. अनुमती मिळेपर्यंतचा काळ मात्र वाया जाण्याचे कारण नाही. कळ्यांना मलमलच्या पिशव्या बांधणे, मोकळ्या व बांधलेल्या फुलांची फळधारणा मोजणे, परागाच्या संदर्भ-काचपट्ट्या तयार करणे, धायटीच्या कोणत्या उतारावर किती फुले तोडली जातात याची पाड्यांवर जाऊन नोंद घेणे, या कामांना ना जाळे लागते ना कडे. पळसाच्या शेंगा एप्रिल-मेपर्यंत मोजता येतात. प्रत्येक शेंगेत टोकाशी एकच बी असते, त्यामुळे मोजणीही सोपी आहे.